‘ळ’ कुठं गेला?

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी तीनच विषय येतात: पाऊस, मैत्री आणि मेसची आमटी. पावसावर लिहिण्याइतका मी हळवा नाही. मैत्रीवर लिहावं, तर रूम पार्टनरकडून अजून तीनशे रुपये यायचे आहेत. आणि आमटीबद्दल खरं लिहिलं, तर पुढचं अख्खं वर्ष तीच खायची आहे. म्हणून यंदा मी सी प्रोग्रॅमिंगवर लिहितोय. मेकॅनिकल आणि सिव्हिलवाल्यांनी लगेच पान उलटू नये. पहिल्या वर्षाला सी सगळ्यांनाच होतं, आणि स्ट्रिंग सॉर्टिंगचा प्रोग्रॅम सगळ्यांनीच शेजाऱ्याच्या जर्नलमधून उतरवलेला आहे. मीही उतरवला होता. त्याचीच ही गोष्ट.

आपल्या हॉस्टेलची रीडिंग रूम सगळ्यांना माहीत आहे. तिथं पेपर असतो, पंखा असतो, आणि परीक्षा नसेल तेव्हा झोपलेलं पब्लिक असतं. त्या पब्लिकच्या डोक्यामागं जी पाच लोखंडी कपाटं आहेत, त्यांत अकराशेच्या वर मराठी पुस्तकं आहेत, हे मात्र फार कमी जणांना माहीत असेल. वर्षानुवर्षं पास होऊन गेलेल्या सीनियर लोकांनी ठेवलेली, कुणी भेट दिलेली, काही कॉलेजने घेतलेली. ती सांभाळायचं काम मामांकडं. मामा म्हणजे हॉस्टेलचे शिपाई. शिक्षण सातवीपर्यंत, नोकरी तीस वर्षं. पाण्याच्या टाकीपासून रात्रीच्या गेटपर्यंत सगळी कामं करून हे कपाटांचं काम त्यांच्याकडं ‘जादा’ म्हणून आलेलं, आणि तेच ते सगळ्यात मनापासून करायचे.

मामांची एक वही होती. लांबट, लाल कापडी बांधणीची, कडेला कात्रीने पायऱ्या पायऱ्या कापून त्यावर अ, आ, इ, क, ख अशी अक्षरं लिहिलेली. पुस्तकाचं नाव सांगितलं की मामा अंगठ्याने बरोबर ते पान उघडायचे, बोट खाली सरकवत न्यायचे आणि म्हणायचे, “तिसरं कपाट, दुसरा कप्पा.” कपाटातली पुस्तकंही त्याच क्रमाने लावलेली. चालता-बोलता डेटाबेसच म्हणा ना.

मागच्या वर्षी मे अखेरीला मामा रिटायर होणार होते. वहीची पानं सुटत आलेली, शाई उडालेली. रेक्टर सरांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “तू कॉम्प्युटरचा ना? मामा जायच्या आत या पुस्तकांची नीट यादी करून दे. नाहीतर पुढं कुणाला काही सापडणार नाही आणि हे सगळं एक दिवस रद्दीत जाईल.” मला दुसऱ्या वर्षाच्या मिनी प्रोजेक्टला विषय हवाच होता. एका दगडात दोन पक्षी! मी लगेच हो म्हटलं.

पार्टनर आणि मी मिळून अकराशे नावं टाइप केली. मी लॅबमध्ये इनस्क्रिप्ट कीबोर्डवर, तो खाटेवर लोळत मोबाइलवरच्या कुठल्यातरी ॲपवर. टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर देवनागरी उमटत नाही, म्हणून लिनक्सच्या मशीनवर प्रोग्रॅम केला. नावं फाइलमधून वाचायची, सॉर्ट करायची, एकच नाव दोनदा आलं तर प्रती मोजायच्या आणि छापायचं. सॉर्टिंगला क्यूसॉर्ट, तुलनेला स्ट्रकंप. चाळीस ओळींत काम खल्लास. प्रिंटआउट काढून सरांना दिली. सर खूश, मी खूश. अ पासून ह पर्यंत यादी कशी झुळझुळीत दिसत होती! शेवटपर्यंत नीट वाचून बघायची बुद्धी मात्र कुणालाच झाली नाही. मला तर नाहीच.

मामांच्या रिटायरमेंटपूर्वी सामानाची मोजणी झाली. खाटा, बादल्या, पंखे आणि शेवटी पुस्तकं. ऑफिसमधून एक क्लार्क आले. मामा कपाटातून एकेक पुस्तक काढून नाव वाचायचे आणि क्लार्क माझ्या यादीवर फूटपट्टी ठेवून टिक करायचे. फूटपट्टी वरून खाली, एकाच दिशेने. पट्टीच्या खाली नाव सापडलं तर टिक, नाही सापडलं तर वेगळ्या कागदावर ‘यादीबाहेर’. पट्टीच्या वर राहिलं ते राहिलं. त्यांचं तरी काय चुकलं? यादी क्रमाने आहे म्हटल्यावर मागं वळून कोण बघतो? संध्याकाळी निकाल आला: २३ पुस्तकं गहाळ. खुलासा आठ दिवसांत.

मला हे दुसऱ्या दिवशी रात्री कळलं, तेही योगायोगाने. पाणी भरायला खाली गेलो, तर रीडिंग रूममध्ये दिवा. मामा लाल वही, माझी यादी आणि चष्मा घेऊन बसले होते. म्हटलं, “मामा, झोपला नाहीत?”

“तेवीस पुस्तकं गेली रं,” मामा म्हणाले. “ज्ञानेश्वरी गेली. सकाळीच हातात हुती माझ्या. आता यादीतच न्हाई म्हणत्यात. आन् यादीत हाय ती कपाटात न्हाई म्हणत्यात.”

“असं कसं होईल?”

“कॉम्प्युटरनं काढलंय, खोटं कसं असंल? माझ्याच हातनं काय तरी झालं असंल. साडेचार-पाच हजार हुतील. भरून टाकतो. जाताना नावावर डाग नको.”

मी त्यांच्या हातातून यादी घेतली. मामांनी ती पार शेवटच्या पानावर उघडून ठेवली होती. शेवटचं पान ‘ह’ वर संपत होतं. मामांची वही मात्र ‘ह’ वर संपत नव्हती. ‘ह’ नंतर तीन पायऱ्या अजून होत्या: ळ, क्ष, ज्ञ.

मित्रांनो, माझं स्वतःचं आडनाव ‘क्ष’ ने सुरू होतं. दहावीपर्यंत मराठी शाळेत हजेरीत माझा नंबर कायम शेवटून दुसरा-तिसरा असायचा. कॉलेजला आल्यावर नाव इंग्रजीत गेलं आणि मी एकदम यादीच्या मध्यावर ‘के’ मध्ये येऊन पडलो. पहिले कित्येक दिवस हजेरीला माझा नंबर होऊन गेलेला असायचा आणि मी शेवटाची वाट बघत बसलेलो असायचो. इतकं सगळं भोगलेला माणूस मी, आणि मलाच यादी करताना ‘क्ष’ कुठं गेला हे बघावंसं वाटलं नाही!

‘ज’ चं पान काढलं. ‘जेव्हा मी जात चोरली होती’, मग ‘जैत रे जैत’, आणि त्याच्या खाली ‘ज्ञानेश्वरी’. तीन प्रती. टिक नाही. ‘ब’ चं पान काढलं. ‘बटाट्याची चाळ’, ‘बनगरवाडी’, ‘बलुतं’, ‘बळी’, ‘बहिणाबाईंची गाणी’. मामांच्या वहीत बहिणाबाई आधी, ‘बळी’ नंतर. म्हणजे बहिणाबाईंवर टिक करून पट्टी खाली सरकली, आणि मग कपाटातून ‘बळी’ निघाली तेव्हा ती पट्टीच्या वर गेलेली. झाली गहाळ. ‘गहाळ’ या शब्दातसुद्धा ‘ळ’ आहेच, हा आणखी एक विनोद.

“मामा, एक पैसा भरायचा नाही. पुस्तकं कुठंही गेलेली नाहीत. चूक माझी आहे.”

“तुझी कशी असंल? तू तर नुस्ती बटणं दाबली.”

नेमकं तेच तर चुकलं होतं. नुसती बटणं दाबली होती.

आता थोडं तांत्रिक. स्ट्रकंप काय करतं? दोन स्ट्रिंग घेतं, सुरुवातीपासून एकेक बाइट जोडीने बघतं, आणि पहिल्यांदा फरक दिसला की कुणाचा आकडा लहान ते सांगतं. पहिली स्ट्रिंग आधी असेल तर उत्तर शून्याहून कमी, नंतर असेल तर जास्त, सारखी असेल तर शून्य. बस्स. त्याला अक्षरं कळत नाहीत, वर्णमाला तर नाहीच नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘ल’ म्हणजे २२४, १६४, १७८. ‘ळ’ म्हणजे २२४, १६४, १७९. ‘व’ चा शेवटचा आकडा १८१ आणि ‘ह’ चा १८५. म्हणजे आकड्यांच्या जगात ‘ळ’ हा ‘ल’ च्या मांडीला मांडी लावून बसलाय. ‘ह’ च्या पलीकडं त्याला कुणी बसवलेलंच नाही. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ यांना तर स्वतःचा आकडाच नाही. ‘ज्ञ’ म्हणजे ज, हलन्त आणि ञ अशी तीन चिन्हं, नऊ बाइट. हलन्ताचा आकडा सगळ्या मात्रांच्या पुढचा, म्हणून ‘ज्ञानेश्वरी’ ‘जैत रे जैत’ च्या खाली जाऊन बसली.

हे असं का, ते आमच्या सरांनी नंतर सांगितलं. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी १९८८ च्या इस्की या भारतीय संकेतावर बेतलेली आहे. (पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने तो आयएस १३१९४ म्हणून काढला.) त्यात बहुतेक भारतीय लिप्यांना एकच आराखडा दिला होता, म्हणजे एका लिपीतलं अक्षर दुसऱ्या लिपीत त्याच जागी सापडावं. सोय चांगलीच. पण त्या सोयीत मराठीचा ‘ळ’ मराठीच्या जागी राहिला नाही. तशी ती मांडणी सॉर्टिंगसाठी नव्हतीच. क्रम ज्या त्या भाषेने वेगळा लावायचा असतो. तो लावायचं काम माझं होतं, आणि मी ते स्ट्रकंपवर ढकललं.

हे काम सीमध्ये करायला जागा आहे, आणि ती फार सुंदर आहे. क्यूसॉर्टला आधी कोण आणि नंतर कोण हे काहीच माहीत नसतं. रेशनच्या रांगेत लोकांना पुढं-मागं करणाऱ्या माणसासारखा तो. दोघांना समोर उभं करतो आणि प्रत्येक वेळी विचारतो, “यांच्यात आधी कोण?” उत्तर द्यायला तुम्ही एक फंक्शन त्याच्या हाती द्यायचं असतं. मी स्ट्रकंप दिलं, म्हणून त्याने स्ट्रकंपचं ऐकलं. दुसरं दिलं असतं तर दुसऱ्याचं ऐकलं असतं. क्रम बदलायला सॉर्टिंगला हातसुद्धा लावावा लागत नाही, फक्त ‘आधी कोण’ याचं उत्तर बदलावं लागतं.

मामांना म्हटलं, “वही द्या आणि इथंच थांबा.” रूमवरून लॅपटॉप आणला. पार्टनरलाही उठवून आणला, कारण एकट्याने जागरण करणं हे हॉस्टेलच्या नियमात बसत नाही.

पहिला प्रयत्न. म्हटलं, आधी स्वतःचं स्ट्रकंप लिहू आणि मग त्यात ‘ळ’ ची सोय करू. पुस्तकातला नेहमीचा लूप: दोन्ही बाइट सारखे असतील तोवर पुढं जा, वेगळे निघाले की वजाबाकी करून परत दे. चालवलं. मामा पडद्याकडं बघून हसायला लागले. साने गुरुजींचं ‘श्याम’ हे पुस्तक आपल्याकडं आहे आणि ‘श्यामची आई’ ही आहे. यादीत ‘श्यामची आई’ आधी आणि ‘श्याम’ नंतर.

“बरोबर हाय की! आई आधीच असणार,” मामा म्हणाले.

व्यवहारात बरोबर, पण सॉर्टिंगमध्ये चूक. छोटं नाव जर मोठ्या नावाची सुरुवातच असेल, तर छोटं आधी यायला हवं. अर्धा तास गेला तेव्हा सापडलं. माझ्या फंक्शनमध्ये बाइट साध्या ‘कॅर’ मध्ये घेतले होते. आपल्या नेहमीच्या पीसीवर साधा कॅर चिन्हासहित असतो. १२७ च्या वरचे आकडे उणे होतात. २२४ चे झाले उणे ३२. ‘श्याम’ संपतो तिथं शून्य आहे, ‘श्यामची’ मध्ये त्याच जागी ‘च’ चा पहिला बाइट, उणे ३२. शून्य मोठं ठरलं आणि श्याम मागं गेला. खरं स्ट्रकंप ही चूक करत नाही, ते प्रत्येक बाइट ‘अनसाइन्ड कॅर’ समजूनच बघतं. इंग्रजी नावांवर ही चूक जन्मात दिसत नाही, कारण इंग्रजी अक्षरांचे आकडे १२७ च्या आतच असतात. जर्नलमध्ये दहापैकी दहा मार्क पडलेला प्रोग्रॅम मराठी नावं दिल्यावर असा उघडा पडतो.

दुसरा प्रयत्न. आता बाइटची तुलना सोडली. तीन बाइट वाचून त्यांचं एक चिन्ह करायचं, आणि प्रत्येक चिन्हाला आपण ठरवलेलं ‘वजन’ द्यायचं. तुलना वजनांची. देवनागरीच्या खणात १२८ जागा आहेत, म्हणून १२८ आकड्यांचा ॲरे. चिन्हाचा खणातला नंबर गुणिले १० हे त्याचं वजन. ‘ल’ चं ५००, ‘व’ चं ५३०, ‘ह’ चं ५७०. दहाने गुणलं ते मधे जागा राहावी म्हणून. एसटीत रुमाल टाकून ठेवतात तसं. आणि ‘ळ’ ला शेवटी न्यायचं म्हणून मी धडाक्यात दिलं ९९९.

चालवलं. ‘बळी’ बहिणाबाईंच्या खाली गेली खरी, पण तिथं थांबली नाही. ‘बिढार’ च्याही खाली जाऊन पडली. पार्टनर म्हणाला, “हा ळ आता हॉस्टेल सोडूनच चाललाय.”

कारण मामांनी सांगितलं. म्हणजे त्यांना कोड कळत नव्हता, पण वही कळत होती. “आधी ब ला काना-वेलांटी नसलेली समदी नावं संपवायची,” ते बोट ठेवून म्हणाले, “मग बा, मग बि. ‘बळी’ मधला ब कोराच हाय की.” डोक्यात लख्ख प्रकाश पडला. संगणकाच्या साठवणीत ‘अ’ ची मात्रा नसतेच. ‘ब’ नंतर सरळ पुढचं व्यंजन येतं. ‘बि’ असेल तर मात्रा येते. म्हणजे सगळी व्यंजनं मात्रांच्या आधीच राहिली पाहिजेत. काना येतो ६२० वर. माझा ‘ळ’ ९९९ वर, म्हणजे सगळ्या मात्रा ओलांडून. त्याला ‘ह’ च्या पुढं पण कान्याच्या आधी बसवायला हवं. ‘ळ’ ला दिलं ५७१. चालवलं. बनगरवाडी, बलुतं, बहिणाबाई, बळी, मग बिढार. अगदी वहीसारखं.

तिसरा प्रयत्न ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ चा. वजन देणारं फंक्शन आता पुढंही डोकावून बघू लागलं. ‘क’ दिसला की पुढं हलन्त आणि ‘ष’ आहे का बघायचं. असेल तर तिन्ही मिळून एकच अक्षर, वजन ५७२, आणि पॉइंटर एकदम नऊ बाइट पुढं. ‘ज’, हलन्त, ‘ञ’ दिसले तर ५७३. चालवलं. मामांनी स्वतः बाणाचं बटण दाबून यादीचा शेवट काढला. ‘ज्ञानेश्वरी’ शेवटच्या पानावर होती. मामा काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला.

चौथी भानगड ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ ची. दोन प्रती आहेत, पण यादीत ते दोन वेगळी पुस्तकं असल्यासारखं दोनदा आलं. डोळ्यांना दोन्ही नावं तंतोतंत सारखी. स्ट्रकंप शून्य देईना. मी टाइप केलेल्या नावात ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह होतं, आणि पार्टनरच्या ॲपने साधा ‘र’, हलन्त आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून तेच रूप उमटवलं होतं. दिसायला जुळी भावंडं, बाइट वेगळे. ‘ऱ’ ला ‘र’ चंच वजन दिलं, अदृश्य चिन्ह ओलांडून जायचं ठरवलं, आणि दोन्ही वऱ्हाडं एका लग्नाला आली.

शेवटी एक बारीक गोष्ट. नावं सारखी निघाली तर कुणाला आधी ठेवायचं, याची क्यूसॉर्ट काहीच हमी देत नाही. म्हणून तिथं दाखल क्रमांक बघायचा, लहान तो आधी. हेही मामांच्या वहीत होतंच.

एका बाबतीत मात्र मामांनी मलाच अडवलं. मी म्हटलं, “बाराखडीत अं शेवटी येतो, मग ‘अंमलदार’ ‘अ’ च्या शेवटी नेऊ का?” मामा म्हणाले, “नको. माझ्याकडं पैल्यापासनं ‘अ’ च्या पानावर पैलं तेच हाय. पोरांना तितंच बघायची सवय.” हिंदी शब्दकोशांत अनुस्वार आधीच घेतात, आणि आकड्यांच्या क्रमातही तो आधीच आहे. म्हणून तिथं काही बदललं नाही. प्रत्येक ठिकाणी बदल केलाच पाहिजे असं नाही. कुठला करायचा हे माहीत पाहिजे.

पहाटे नवी यादी घेऊन जुन्या दोन कागदांशी ताडून बघितली. गहाळ २३, यादीबाहेर २२. हे दोन आकडे आधीच कुणी शेजारी ठेवले असते, तर सगळ्यांनाच शंका आली असती. ‘ज्ञ’ ची, ‘क्ष’ ची, ‘ळ’ ची आणि एक वऱ्हाड, अशी बावीसच्या बावीस दोन्ही कागदांवर सापडली. राहिलं एक. ‘कोसला’. ते मात्र खरंच कपाटात नव्हतं.

मामांचा चेहरा पुन्हा पडला. तेवढ्यात पार्टनर हळूच उठून वर गेला आणि पाच मिनिटांनी परत आला. हातात ‘कोसला’. त्याच्या गादीखाली पहिल्या वर्षापासून होतं. “अर्धंच झालंय वाचून,” तो म्हणाला. मामांनी त्याला काय सांगितलं, ते मॅगझिनमध्ये छापता येणार नाही.

सकाळी मी रेक्टर सरांकडं गेलो आणि चूक माझी होती हे सांगितलं. पाय लटपटत होते, पण सांगितलं. पुन्हा मोजणी झाली. गहाळ शून्य, यादीबाहेर शून्य.

मिनी प्रोजेक्टच्या ओरलला सरांनी विचारलं, “एवढा खटाटोप कशाला? सीमध्ये स्ट्रकोल आहे ना?” आहे. भाषेप्रमाणे तुलना करायला सीने ते फंक्शन दिलेलंच आहे. पण प्रोग्रॅम सुरू होतो तेव्हा त्याचा लोकेल ‘सी’ नावाचा असतो, आणि त्यात स्ट्रकोल स्ट्रकंपसारखंच वागतं. आधी सेटलोकेलने मराठी मागावं लागतं. ते मी नंतर करून बघितलं होतं. आमच्या लॅबच्या मशीनवर मराठी लोकेल टाकलेलाच नव्हता, सेटलोकेलने ‘नल’ परत दिलं. आणि मला हवा होता तो क्रम मामांच्या वहीतला, कपाटांतला. सर म्हणाले, “म्हणजे स्पेसिफिकेशन वहीत होतं.” म्हटलं, हो सर. ते मी शेवटी वाचलं, ते आधी वाचायला हवं होतं.

मामांच्या निरोपसमारंभाला शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. नंतर मामांनी मला बाजूला बोलावून ती लाल वही दिली. “तुझी यादी हाय आता, पर ही असू दे.” रूमवर येऊन चाळली. ‘ळ’ च्या पायरीवर अंगठा ठेवून पान उघडलं, तर कोरं. साहजिकच आहे, ‘ळ’ ने सुरू होणारं पुस्तक कुठून येणार? मग तीस वर्षं ते पान ठेवलं कशाला? दुसऱ्या दिवशी सामान बांधत असलेल्या मामांना विचारलं.

“कोरं का म्हंजे?” ते म्हणाले. “त्याची जागा हाय ती.”

मित्रांनो, जर्नल उतरवायला माझी हरकत नाही, मीही अजून उतरवतो. पण ‘स्ट्रकंप’ लिहाल तेव्हा एकदा थांबून बघा, आपण कुणाचा क्रम वापरतोय, आणि त्या यादीवर कुणाचं काय अवलंबून आहे. नवी यादी रीडिंग रूमच्या दारामागं लावलेली आहे. अकराशेच्या अकराशे पुस्तकं जागेवर आहेत. न्या, वाचा आणि परत आणून ठेवा. ‘कोसला’ सध्या माझ्याकडं आहे. अर्धं झालंय.

— तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी
(हजेरी क्रमांक: मराठीत शेवटून दुसरा)